निगडीतली फिर्याद आणि बिटकॉइनची वही : फसव्या क्रिप्टो साइटचा माग कसा काढतात?



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "सायबर फसवणुकीवर काम करायचंय, पण डेटा कुठून आणू? बँक देणार नाही, पोलीस देणार नाहीत." प्रश्न रास्त आहे. पण क्रिप्टोच्या नावावर गुंतवणूक गोळा करणाऱ्या वेबसाइट्सच्या बाबतीत अर्धा डेटा आधीच उघड्यावर असतो. तो कुणाकडे मागायचीही गरज नसते. अडचण पुढे येते. आपण जे पाहिलं ते दुसऱ्याला, आणि वेळ आलीच तर न्यायालयाला, पटेल अशा रीतीने जपून कसं ठेवायचं? आजचा लेख त्याबद्दल आहे. उदाहरण आपल्याच भागातलं घेते, कारण या विषयातलं देशातलं एक मोठं प्रकरण निगडी पोलीस ठाण्याच्या कागदांतून गेलं आहे.

प्रकरण थोडक्यात

गेनबिटकॉइन ही योजना २०१५ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यामागचा मुख्य माणूस अमित भारद्वाज. सिंगापूरमध्ये नोंदलेली व्हेरिएबलटेक ही कंपनी तिच्याशी जोडलेली होती. ऑफर अशी : तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही मायनिंग करू आणि १८ महिने दरमहा १० टक्के परत देऊ, तेही बिटकॉइनमध्येच. नवीन माणूस आणला की कमिशन वेगळं. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन लोकांच्या हातात ठेवलं गेलं. बाजारात त्याची किंमत फार राहिली नाही.

२०१८ मध्ये पुण्यात दत्तवाडी आणि निगडी या दोन पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय तेव्हा व्हायचं होतं, ते १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाजचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने पुणे, कोल्हापूर, नांदेडसह ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या आणि सुमारे २३.९४ कोटी रुपयांचं क्रिप्टो जप्त केल्याचं सांगितलं. ईडीने फक्त २०१७ पुरता गोळा झालेल्या बिटकॉइनचा आकडा सुमारे ६,६०० कोटी रुपये सांगितला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मधली दरी हाच तपासाचा विषय आहे.

पहिली पायरी : कॅल्क्युलेटर

साइट उघडण्याआधी तिचा दावा मोजून बघायचा. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

बिटकॉइनमध्ये सरासरी दर १० मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, म्हणजे दिवसाला १४४. जुलै २०१६ नंतर मे २०२० पर्यंत प्रत्येक ब्लॉकमागे १२.५ नवे बिटकॉइन मिळत होते. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला साधारण १,८०० आणि महिन्याला ५४,००० नवे बिटकॉइन. तपास यंत्रणांच्या म्हणण्यात या योजनेसाठी ८० हजार बिटकॉइनचा आकडा येतो. ते सगळे एकाच दिवशी आले नव्हते, पण अंदाजासाठी धरू. दरमहा १० टक्के म्हणजे ८,००० बिटकॉइन. म्हणजे जगभरच्या मायनिंगचा जवळजवळ सातवा हिस्सा या एका योजनेने १८ महिने सलग मिळवायचा, आणि वीज, मशीन, एजंटांचं कमिशन हे सगळं त्यावर वेगळं!

इथे आणखी एक मेख आहे. चाकणच्या कारखान्यात तिसरी शिफ्ट लावली तर गाड्या जास्त निघतात. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही. जगात मशीन वाढली की गणित आपोआप अवघड होतं (दर २,०१६ ब्लॉक्सनंतर हा हिशेब नव्याने लागतो) आणि एकूण उत्पादन तेवढंच राहतं. त्यामुळे गुंतवणूकदार वाढले तरी प्रत्येकाला तेवढेच टक्के देता येतील, हे आश्वासन मायनिंगच्या नियमांतच बसत नाही.

आता कुणी म्हणेल, मायनिंग नव्हतंच मुळी! तसंही नाही. भारद्वाजशी जोडलेला जीबी मायनर्स नावाचा पूल खरोखर ब्लॉक शोधत होता. त्या ब्लॉक्सवर त्याची खूण आहे आणि ती आजही कुणालाही मोजता येते. शोधनिबंधासाठी प्रश्न असाच हवा : पूलने किती मिळवलं, आणि दिलेलं वचन पुरं करायला किती लागलं असतं? "ही फसवणूक आहे का?" याला हो-नाही असं उत्तर मिळून विषय संपतो. "किती?" या प्रश्नावर एक प्रकरण लिहून होतं.

दुसरी पायरी : साइटची कुंडली

आजच्या फसव्या साइट्सचा चेहरा बदललाय. मायनिंगच्या जागी आता 'ट्रेडिंग प्लॅटफॉर्म' असतो. व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपमधून माणूस तिथे येतो. डॅशबोर्डवर नफा चढत जाताना दिसतो. सुरुवातीला दोन-पाच हजार काढूनही देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा', 'आधी सिक्युरिटी डिपॉझिट भरा' सुरू होतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे साइट चालवणाऱ्याने आपल्या डेटाबेसमध्ये टाईप केलेली एक ओळ आहे, ब्लॉकचेनवर तिचा मागमूसही नसतो.

साइट दिसली की संशोधक काय नोंदवतो?

डोमेन कधी नोंदलं गेलं. 'दहा वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्या कंपनीचं डोमेन सहा आठवड्यांपूर्वीचं असेल तर ती पहिली विसंगती. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते.

सुरक्षा प्रमाणपत्र कधी निघालं. ब्राउझरमधल्या कुलपामुळे पुष्कळ लोक निर्धास्त होतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि साइटच्या मधल्या वाटेवर कुणी डोकावत नाही. पलीकडे बसलेला माणूस सचोटीचा आहे, असं ते सांगत नाही. पण ही प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवह्यांत जातात, आणि त्या वह्या शोधता येतात. एकाच प्रमाणपत्रात चार वेगवेगळ्या 'कंपन्यांची' नावं सापडली, तर त्या चारही साइट्स एकाच हातातून निघाल्या असण्याची शक्यता वाढते.

साचा. या साइट्स बहुतेकदा तयार किटमधून बनतात. लोगो बदलतो, पण आतल्या फाइल्सची नावं, 'आमच्याविषयी'मधली वाक्यं, अगदी शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच राहतात. एका गावातल्या पाच लग्नपत्रिका एकाच छापखान्यातल्या आहेत हे जसं ओळखू येतं, तसंच हे.

पैसे कुठे पाठवायला सांगतात. वॉलेटचा पत्ता, बँक खातं, यूपीआय. इथून पुढची पायरी सुरू होते.

आणि हे सगळं पहिल्याच दिवशी. साइट उद्या असेलच असं नाही. वेबचं सार्वजनिक संग्रहालय, म्हणजे वेबॅक मशीन, तिथे ते पान लगेच जतन करून ठेवायचं. म्हणजे तुमच्या लॅपटॉपबाहेरही त्याची तारखेसह प्रत राहते.

तिसरी पायरी : वहीतल्या नोंदी

बिटकॉइनची वही सार्वजनिक आहे. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात आहे. फक्त नावांच्या जागी पत्ते आहेत, अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. मग कुठले पत्ते एकाच माणसाचे, हे कसं ठरवायचं?

समजा तुम्हाला ७०० रुपये द्यायचेत. खिशात ५०० ची एक आणि २०० ची एक नोट आहे. दोन्ही काढून देता. बघणारा म्हणेल, दोन्ही नोटा एकाच खिशातल्या. बिटकॉइनमध्येही एका व्यवहारात अनेक पत्त्यांवरची रक्कम एकत्र खर्च झाली, तर ते पत्ते एकाच मालकाचे असं धरतात. २००८ च्या मूळ निबंधात सातोशी नाकामोतो यांनी ही मर्यादा स्वतःच मान्य केली होती. २०१३ मध्ये सारा मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी या तर्कावर पत्त्यांचे मोठे गट बांधून दाखवले. कुठला गट कुठल्या सेवेचा हे कळावं म्हणून त्यांनी त्या सेवांशी स्वतः शेकडो व्यवहार केले.

दुसरा तर्क सुट्या पैशांचा. १२० रुपयांच्या मिसळीला पाचशेची नोट दिली की ३८० परत येतात. बिटकॉइनमध्ये ही मोड बहुधा एका नव्या पत्त्यावर येते. हा नवा पत्ता ओळखता आला की माग पुढे सरकतो.

पण दोन्ही तर्क म्हणजे अंदाजच. दहा जणांनी वर्गणी काढून एकत्र बिल भरलं, तर सगळ्या नोटा एका खिशातल्या नसतात. बिटकॉइनमध्ये अशी वर्गणी मुद्दाम काढणारी तंत्रं आहेत, त्यांना कॉइनजॉइन म्हणतात. आणि पत्ता एखाद्या एक्स्चेंजचा निघाला, तर त्या गटात हजारो निरपराध ग्राहकांचे पैसे असतात. त्यामुळे निबंधात "हे पत्ते आरोपीचे आहेत" असं लिहू नये. "या तर्कानुसार हे पत्ते एका गटात येतात, आणि तर्क इथे-इथे चुकू शकतो" असं लिहावं. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

अलीकडे अशा साइट्स बिटकॉइनऐवजी यूएसडीटी मागतात. हे डॉलरशी बांधलेलं टोकन बऱ्याचदा ट्रॉन या साखळीवर फिरतं. तिथे नोटांसारखा प्रकार नाही, बँक खात्यासारखी शिल्लक असते. त्यामुळे 'एकाच खिशातल्या नोटा' हा तर्क तिथे लागू होत नाही. पैसे कुठून आले, किती वेळात पुढे गेले, कुठे एकत्र झाले, एवढंच बघायचं. साखळी बदलली की पद्धतही बदलावी लागते, आणि संशोधन आराखड्यात हे आधीच लिहिलेलं बरं.

माग कुठे थांबतो?

माग बहुधा एक्स्चेंजच्या दारात थांबतो. आत कुणाचं खातं आहे ते केवायसीच्या कागदांत असतं. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनंतर भारतात क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकांची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. ही माहिती तपास यंत्रणा मागू शकते. तुम्ही-आम्ही मागू शकत नाही, आणि मागूही नये.

दुसरं, पैसे दिसले म्हणजे ते हाती आले असं नाही. बँक खातं गोठवता येतं, पण स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटची किल्ली ज्याच्याकडे, त्याचेच पैसे. गेनबिटकॉइन प्रकरणात मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एका आरोपीला त्याच्या वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला देण्याचा आदेश द्यावा लागला. वही सगळ्या जगाला वाचता येते, तरी तिजोरीसाठी आरोपीचंच तोंड बघावं लागतं.

तिसरं, डेटातली पोकळी. मेरी व्हॅसेक आणि टायलर मूर यांनी २०१५ च्या निबंधात बिटकॉइनशी संबंधित १९२ फसवणुकी गोळा केल्या. त्यातल्या फक्त २१ टक्के प्रकरणांत पत्ते सापडले. तेवढ्यातही किमान १३,००० बळी आणि १.१ कोटी डॉलर दिसले. उरलेल्या ७९ टक्क्यांबद्दल वही काही बोलली नाही, कारण तिच्यात कुठल्या पानावर बघायचं हेच ठाऊक नव्हतं. ते पान सांगू शकतो फसवला गेलेला माणूस. आणि तो लाजेने गप्प बसतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हे जास्त जाणवतं. इथे पैसा येण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत : कायम कामगाराचा पीएफ, व्हीआरएसची रक्कम, एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचा मोबदला, आयटीतला पगार, भिशी. योजना पोचते ती ओळखीच्या माणसाकडून, शिफ्टमधल्या सहकाऱ्याकडून, भावकीतल्या कुणाकडून. तक्रार करायची म्हणजे आपल्याच माणसाचं नाव घ्यायचं. म्हणून केवळ दाखल गुन्ह्यांवर आधारलेला अभ्यास नात्यातून पसरलेल्या फसवणुकी कमी दाखवेल. नमुना कसा निवडला हे लिहिताना याचा उल्लेख हवाच.

चौथी पायरी : जे पाहिलं ते जपणं

आता लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी याच प्रकरणात दोघांना अटक केली : एक माजी आयपीएस अधिकारी आणि एक सायबर तज्ज्ञ. २०१८ च्या तपासात पोलिसांनीच यांची तांत्रिक मदत घेतली होती. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवलं, आणि शिल्लक कमी दाखवणारे फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले. हे पोलिसांचे आरोप आहेत, निकाल नाही. पण पद्धतीच्या दृष्टीने बघा. जी वही जगातला कुणीही तपासू शकतो, तिच्याबद्दलचा पुरावा म्हणून चित्र स्वीकारलं गेलं, आणि चित्रावर विश्वास ठेवणं म्हणजे चित्र आणणाऱ्यावर विश्वास ठेवणं.

स्क्रीनशॉटमधला आकडा शाळकरी मुलगाही बदलू शकतो. व्यवहार क्रमांक मात्र बदलता येत नाही. बदलला तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी व्यवहाराचा निघेल किंवा कुठलाच नसेल. म्हणून नोंद अशी करायची : पत्ता, व्यवहार क्रमांक, ब्लॉक क्रमांक, तारीख-वेळ, कुठल्या साधनाने बघितलं. मग दुसऱ्या, वेगळ्या साधनावर तेच पडताळायचं. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून. स्क्रीनशॉट घ्या, पण सोबतचा फोटो म्हणून.

फाइल्ससाठी हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी पूर्ण बदलतो. पान जतन केलं त्याच मिनिटाला हॅश काढून वहीत लिहिला, तर वर्षभराने कुणी "ही फाइल तीच कशावरून?" विचारलं की उत्तर तयार असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद मागितली आहे. तुमचं संशोधन कोर्टात जाणार नाही असं समजलं, तरी सवय तीच लावा.

शेवटी डेटा कुणाच्या हातात पडतो, हाही पद्धतीचाच भाग. जानेवारी २०२२ मध्ये ताथवड्यातून एका शेअर ट्रेडरचं अपहरण झालं. त्याच्याकडे ३०० कोटींचे बिटकॉइन असल्याच्या समजातून. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी आठ जणांना पकडलं, त्यात त्यांचाच एक शिपाई होता. तो आधी पुण्याच्या सायबर विभागात होता आणि ही माहिती त्याला तिथेच मिळाली, असं पोलिसांनी सांगितलं. 'अमुक वॉलेटमध्ये इतके पैसे, आणि ते अमुक माणसाचं' ही ओळ तुमच्या एक्सेल शीटमध्ये निरुपद्रवी दिसते. चुकीच्या हातात ती एखाद्याच्या जिवावर बेतते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या. पीडितांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये ठेवायचे नाहीत. मुलाखती घ्यायच्या तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी. फसव्या साइटवर स्वतःचे पैसे टाकून 'प्रयोग' करायचा नाही, आपले शंभर रुपयेही त्यांच्याच धंद्यात जातात. साइटमध्ये शिरायचा प्रयत्न करायचा नाही, तो गुन्हा आहे. आणि कुणाचंही नाव सोशल मीडियावर जाहीर करायचं नाही. तुमचा तर्क चुकला, तर त्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो.

विषय शोधताय?

एक-दोन वर्षांत होण्याजोगे तीन प्रश्न देते. एक : मराठीत जाहिरात करणाऱ्या फसव्या गुंतवणूक साइट्स सरासरी किती दिवस जगतात? दोन : एकाच किटमधून निघालेल्या साइट्स फक्त साच्यावरून किती अचूक ओळखता येतात? तीन : औद्योगिक पट्ट्यातल्या पीडितांपर्यंत योजना ऑनलाइन जाहिरातीतून पोचते की ओळखीतून, आणि त्यावर तक्रार होणं-न होणं अवलंबून असतं का? तिसऱ्यासाठी कोडिंग येत नसलं तरी चालेल. माणसांशी बोलता यायला हवं.

मुलाखती घेताना समोरचा माणूस नक्की विचारेल, "मग आता मी काय करू?" तेव्हा संशोधक म्हणून गप्प बसू नका. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पैसे बँकेतून गेले असतील तर पहिल्या काही तासांत कळवलेलं सर्वात उपयोगी. आणि चॅट डिलीट करू नका, असं आवर्जून सांगा. रागाने किंवा लाजेने माणूस आधी तेच करतो, आणि वहीतलं नेमकं पान सांगणारा पत्ता त्या चॅटमध्येच असतो.

प्रश्न असतील तर खाली विचारा. पुढच्या लेखात नैतिकता समितीचा अर्ज कसा भरायचा ते बघू.